टेक्स्ट एडिटरचा प्रारंभपडदा : नवखा आणि सराईत वापरकर्ता

संगणकावर मजकूर लिहिण्यासाठी व तो दुरुस्त करण्यासाठी जी प्रणाली वापरली जाते तिला टेक्स्ट एडिटर असे म्हणतात. ती सुरू केल्यावर पहिले अक्षर उमटण्यापूर्वी जे दृश्य समोर येते, तो तिचा प्रारंभपडदा होय. संगणक-अध्यापनात या पडद्याकडे सहसा दुर्लक्ष होते. शिकवणाऱ्याच्या लेखी तो क्षणभराचा असतो. शिकणाऱ्याला मात्र पुष्कळदा तेथेच अडून बसावे लागते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या संदर्भात हा पडदा कोणाला उपयोगी पडतो व कोणाला अडथळा ठरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हिंदमाता परिसरातील घाऊक कापडाच्या दुकानात नेहमीचा व्यापारी थेट आत जाऊन आपला माल सांगतो. प्रथमच आलेल्या गिऱ्हाइकाला मात्र ‘काय दाखवू?’ असे कोणीतरी विचारावे लागते. दुकानदार चेहरा पाहून दोघांत फरक करू शकतो. प्रारंभपडद्याला ती सोय नाही. त्याला दोघांशी एकच भाषा बोलावी लागते.

दोन वापरकर्ते, एक पडदा

ही अडचण नवी नाही. १९७८ साली आलेल्या आणि पुढे भारतातील अनेक संगणकवर्गांत शिकवल्या गेलेल्या वर्डस्टारने तिच्यावर एक समंजस तोड काढली होती. प्रणाली सुरू होताच आज्ञांची यादी दिसे : डी दाबल्यास दस्तऐवज उघडेल, एक्स दाबल्यास बाहेर पडता येईल, इत्यादी. त्याच यादीतून मदतीची पातळीही ठरवता येई. तीन ही पातळी निवडली की सर्व सूचना दिसत आणि शून्य निवडली की पडदा लिहिण्यासाठी मोकळा होई. आपण किती शिकलो याचा निर्णय वापरकर्त्याच्याच हाती होता.

मायक्रोसॉफ्टने ‘ऑफिस ९७’ मध्ये बोलकी कागदपिन आणली तेव्हा हे पथ्य सुटले. ती न बोलावता येई आणि सराईत माणसाच्या कामात लुडबुड करी. २००१ च्या आवृत्तीत ती मुळातच बंद ठेवण्यात आली व २००७ च्या आवृत्तीतून वगळण्यात आली. जॉन स्वेलर, स्लावा काल्युगा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ज्या परिणामाची मांडणी केली, त्याच्याशी हा अनुभव जुळतो : नवख्याला आधार देणारे मार्गदर्शन जाणकाराच्या आकलनावर उलट ओझे टाकते. परंतु यावरून मार्गदर्शनच नको असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. कॅरोल व कॅरिथर्स यांनी १९८४ साली एका वर्डप्रोसेसरमधील अवघड आज्ञा नवशिक्यांपुरत्या बंद करून पाहिल्या, तेव्हा नवशिके अधिक लवकर शिकले.

मदत योग्य ठिकाणी आहे काय?

ब्राम मूलेनार यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या विम या एडिटरचे उदाहरण येथे विशेष बोधक आहे. विम नुसता सुरू केला तर पडद्याच्या मध्यभागी त्याचे नाव, आवृत्ती, युगांडातील गरीब मुलांना मदत करण्याचे आवाहन आणि बाहेर पडण्याची आज्ञा हे सर्व दिसते : अपूर्णविराम, क्यू आणि एंटर. टंकणे सुरू करताच हा मजकूर नाहीसा होतो. इतकी स्पष्ट सूचना असूनही ‘विममधून बाहेर कसे पडावे’ हा स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळावर २०१२ साली विचारलेला प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला.

हे कोडे विद्यार्थ्यांच्या आळसाने उलगडत नाही. विमचा हा पडदा केवळ फाइल न देता प्रणाली सुरू केली असतानाच दिसतो. विद्यार्थी मात्र बहुधा विमपाशी स्वतःहून जात नाही. तो गिट या प्रणालीत आपले काम नोंदवू पाहतो आणि तीच त्याच्यासमोर विम उघडून ठेवते, तेही एका फाइलसह. त्या वेळी स्वागतही नसते आणि बाहेरची वाटही दाखवलेली नसते. म्हणजे हेतुपुरस्सर विम उघडणाऱ्याला दार दाखवले जाते आणि नकळत आत आलेला अंधारात राहतो. नॅनो या एडिटरमध्ये बाहेर पडण्याची व मदतीची कळ तळच्या दोन ओळींत सतत दिसत राहते. जाणकार या ओळींना हसतात, पण प्रथम वर्षाच्या वर्गात त्या विमच्या सुबक स्वागतापेक्षा अधिक कामाच्या आहेत.

ईमॅक्सच्या कर्त्यांनी वेगळ्याच धोक्याचा विचार केलेला दिसतो. त्याच्या प्रारंभपडद्यावर शिकवणीचा दुवा असतो व तो पडदा कायमचा बंदही करता येतो. मात्र नवख्या वापरकर्त्याच्या किंवा एकाहून अधिक जणांच्या वतीने तो बंद करू नये, असे त्याच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट नोंदवले आहे. तळाशी येणारी प्रारंभिक सूचना बंद करायची तर स्वतःचे लॉगिन नाव आपल्या फाइलमध्ये लिहावे लागते. दुसऱ्याची फाइल उतरवून घेतल्यास ती सूचना पुन्हा दिसू लागते. प्रयोगशाळांत नेमके याच्या उलट घडू शकते. एका अनुभवी व्यक्तीच्या सोयीची मांडणी सर्व संगणकांवर उतरवली की वेळ वाचतो, पण ज्यांच्यासाठी पडदा होता त्यांच्याच समोरून तो जातो.

सामायिक संगणकावर आणखी एक गोष्ट उद्भवते. वर्ड २०१३ पासून कोऱ्या पानाऐवजी नमुने व अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी प्रथम दिसते. विंडोज ११ मधील नोटपॅड मागील वेळचा मजकूर पुन्हा उघडू शकते. स्वतःच्या संगणकावर ही सोय आहे. प्राध्यापक-कक्षातील एकाच खात्यावर सर्व जण काम करीत असतील, तर प्रश्नपत्रिकेच्या फाइलचे नावही पुढच्या व्यक्तीला पडद्यावर आयते मिळते.

मराठी लिहिणारा : सराईत की नवखा?

आतापर्यंतच्या विवेचनात अनुभव ही एकाच मापाने मोजण्याची गोष्ट मानली गेली. मराठी टंकलेखनाकडे पाहता हे गृहीतक टिकत नाही. हिंदमात्याहून जवळच असलेल्या लालबागेत १८९७ साली कुलुपांच्या निर्मितीने आरंभ झालेल्या गोदरेज उद्योगाने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र आणले. अशा यंत्रांवर बोटे घडलेल्या टंकलेखकांची कचेऱ्यांत मोठी परंपरा होती. यंत्राला प्रारंभपडदा नव्हता. कळांवर अक्षरे छापलेली होती आणि कागद समोर होता.

देवनागरी यंत्रावर ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी उमटवावी लागे, कारण कागदावर ती डावीकडे येते. १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट असलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर व्यंजन आधी व वेलांटी नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने, टंकावी लागते. त्यामुळे अनेक वर्षे मराठी टंकलेखन केलेली व्यक्ती सवयीने वेलांटी आधी दाबते आणि पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली वेलांटी दिसते. वेगाच्या बाबतीत ही व्यक्ती सराईत आहे. या पडद्यापुढे मात्र ती नवखी ठरते, आणि आपले कौशल्यच निरुपयोगी झाले असा तिचा समज होऊ शकतो. ध्वन्यनुसारी कळफलकावर शिकलेल्या तरुण विद्यार्थ्याची गत वेगळी नाही. त्याला विंडोज येते, परंतु कोणती मांडणी चालू आहे हे त्याला पहिले अक्षर चुकल्यावरच उमगते.

ही माहिती एडिटरच्या प्रारंभपडद्यावर नसते. चालू भाषेची खूण पडद्याच्या तळच्या पट्टीत, कोपऱ्यात, लहान अक्षरांत असते. वर्डचा पडदा निमंत्रणपत्रिकांचे व अर्जांचे नमुने पुढे करतो. कोणता कळफलक चालू आहे आणि मात्रा आधी की व्यंजन, हे दोन प्रश्न तो विचारीत नाही. शासकीय टंकलेखन परीक्षाही आता संगणकावर होत असल्याने या मौनाची किंमत उमेदवाराच्या गुणांत मोजली जाते.

एडिटर बदलणे महाविद्यालयांच्या हाती नाही. प्रयोगशाळेची मांडणी मात्र आहे. प्रथम वर्षाच्या खात्यांवर प्रारंभपडदे बंद करू नयेत. गिटला विमऐवजी नॅनो जोडून देण्यास एक आज्ञा पुरते. सामायिक खात्यांवरील अलीकडच्या फाइलींची यादी बंद करता येते. मराठीसाठी कळफलकाचे चित्र आणि ‘आधी व्यंजन, मग मात्रा’ एवढी एक ओळ कागदावर छापून प्रत्येक संगणकाशेजारी लावली, तरी जे काम एडिटरच्या पडद्याने करायला हवे होते त्यातील पुष्कळसे साधेल.