सोनकीची ओळख

भाद्रपद अर्धा सरला, पावसाचा जोर ओसरला, कीं पनवेलच्या पूर्वेस प्रबळगड-माथेरानकडील उतारांवर पिवळा रंग चढूं लागतो. त्या सुमारास डोंगर हिंडून येणाऱ्या मुलांच्या हातीं पिवळ्या फुलांचा झुबका हटकून असतो, आणि ही सोनकी, असें तीं ठासून सांगतात. आमच्या घरींही असेंच घडलें. मुलांनीं आणलेलें बीं आम्हीं मोठ्या हौसेनें कुंड्यांत पेरलें; रोपें कमरेइतकीं वाढलीं, फुललीं, शेजारणी पाहून गेल्या; आणि मग ध्यानांत आलें कीं, हा तर कॉसमॉस! मूळचा मेक्सिकोचा, हौशी लोकांच्या बागांत आलेला आणि तेथून निसटून रस्त्याच्या कडेला वसलेला.

सूर्यफुलाच्या कुळांत अशी फसगत होणें सोपें आहे. या कुळांत आपण ज्याला एक फूल म्हणतों तो वस्तुतः अनेक चिमुकल्या फुलांचा मेळा असतो. कडेची प्रत्येक 'पाकळी' हें एक फूल, आणि मधल्या गड्ड्यांतील प्रत्येक नळी हें दुसरें. तेव्हां रंगावर न जातां फूल उलटें करून पाहावें. सोनकीच्या फुलाखालीं जी हिरवी वाटी असते, तिचीं दलें जवळजवळ सारख्या लांबीचीं व एकाच ओळींत बसविलेलीं असतात. बुडाशीं काय तीं दोन-चार बारीक. कॉसमॉसच्या वाटीला दोन ओळी असतात, आणि बाहेरची ओळ अरुंद व पसरलेली असते. मग पानें पाहावींत. सोनकीचीं पानें दातेरी, दांड्यावर एकाआड एक. कॉसमॉसचीं समोरासमोर व फार चिरलेलीं. डोंगरउतारावर शेतकरी कारळे पेरतात, तेही याच सुमारास पिवळे फुलतात. पण त्यांचीं खालचीं पानें समोरासमोर असतात, आणि बीं काळें, तुळतुळीत. एकदांडीच्या पाकळ्या पांढरट असून लांब देठावर एकच फूल येतें. कवळा तर या कुळांतलाच नव्हे. तो शेंगा धरणारा.

शेवटची साक्ष बियांची. सोनकीच्या बियांवर पांढऱ्याशुभ्र तंतूंची शेंडी असते, आणि वारा आला कीं बीं तिच्या आधारें उडून जातें. या शेंडीवरूनच शास्त्रज्ञांनीं या गणाला 'सेनेशिओ' म्हटलें. लॅटिनमध्यें 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा. आमच्या सोनकीचें पुढचें नांव 'बॉम्बेयेन्सिस', म्हणजे मुंबईकडची. त्यामुळें मुंबईकडचा म्हातारा असें तिचें बारसें झालें आहे. मराठी नांव आम्हांस अधिक भावतें, हें सांगावयास नकोच.

लागवडीविषयीं आमचा अनुभव असा. फुललेलें रोप उपटून आणूं नये. तें सायंकाळपर्यंत मान टाकतें. सोनकी एकाच पावसाळ्याची सोबतीण असल्यामुळें जगलें तरी त्याचा उपयोग थोडा. आश्विनांत फुलें सुकून शेंड्या सुटूं लागल्या म्हणजे मूठभर बीं कागदाच्या पुडींत धरावें, आणि पुडीवर जागा व तारीख लिहावी. (न लिहिल्यानेंच आमचा घोटाळा झाला.) मृगाचा पाऊस पडला कीं तांबडी माती, वाळू व थोडें पानांचें कुजलेलें खत यांच्या मिश्रणावर बीं भुरभुरावें, वर मातीचा केवळ हात फिरवावा. कुंडीचें भोंक मोकळें हवें. पनवेलचा पाऊस शंभर इंचांहून अधिक. पाणी तुंबलें कीं रोपें कुजतात. ऊन भरपूर द्यावें, खत मात्र आवरतें घ्यावें. उताराच्या मुरमांत वाढणारी ही वनस्पती. लाड केले तर पानेंच माजतात.

बीं मात्र कर्नाळ्याहून आणूं नये. तें १९६८ पासून पक्ष्यांचें अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें तेथील वनस्पती परवानगीवांचून काढतां येत नाहीं. खासगी रानाच्या मालकास विचारून बांधावरचें घ्यावें.

आतां एक गोष्ट अधिक जपून सांगतों. १८७२ मध्यें कृष्णशास्त्री पुराणिकांनीं येथें धूतपापेश्वर औषधी कारखाना काढला, तेव्हांपासून पनवेलच्या घराघरांत वनौषधींचा आदर मुरलेला आहे. त्यामुळें रानांतलें फूल आणलें कीं काढ्यांत घालूं या काय, असा प्रश्न आमच्याकडील वडील मंडळींकडून आलाच. उत्तर स्वच्छ नकारार्थी आहे. सेनेशिओ गणांतील पुष्कळ वनस्पतींत यकृतास घातक अशीं द्रव्यें असतात. दक्षिण आफ्रिकेंत गव्हांत या गणाचें तण मिसळून त्याची भाकरी खाणाऱ्यांस यकृताचा विकार जडल्याची हकीकत १९२० सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. ताजें झाड कडवट, म्हणून गुरें तें बहुधा टाळतात. कापून वाळलेल्या वैरणींत मिसळलें तर त्यांना निवडतां येत नाहीं. सोनकीला या नियमाचा अपवाद समजण्यास कांहींच आधार नाहीं. म्हणून काढ्यांत, केसांच्या तेलांत किंवा भाजींत ती जाऊं देऊं नये. आणि आळें खुरपतांना निघालेलीं रोपें गोठ्याकडे न टाकतां खड्ड्यांत पुरावींत.

आमच्या कुंड्या गच्चीवर आहेत. यंदा नऊ रोपें तगलीं; वाट्या उलट्या करून पाहिल्या, ओळ एकच निघाली.