न्यायाधीशांचा वाडा

शिकागोहून सेंट लुईसकडे निघालेली रेल्वे मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांमधून जात नॉर्मल गावी थांबते. नॉर्मल संपतं कुठे आणि ब्लूमिंग्टन सुरू होतं कुठे, हे नवख्याला कळत नाही. इलिनॉयमधलं ब्लूमिंग्टन आज स्टेट फार्म विमा कंपनीचं मुख्यालय म्हणून माहीत आहे. तिथेच पिवळ्या विटांचा ३६ खोल्यांचा तीन मजली वाडा आहे, न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस यांचा.

१८७२ मध्ये बांधून झालेल्या या वाड्यात गॅसचे दिवे होते, नळाला गरम पाणी होतं आणि तळघरातल्या कोळशाच्या भट्टीवर खोल्या उबदार राहत. स्वयंपाकघरातली ओतीव लोखंडाची अवाढव्य शेगडी बघत मी बराच वेळ उभा होतो. हे सगळं सुख मालकाच्या वाट्याला आलं ते वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. त्याआधीची बरीच वर्षं गेली होती चिखलात.

डेव्हिस १८४८ ते १८६२ इलिनॉयच्या आठव्या मंडळाचे न्यायाधीश होते. कोर्ट फिरतं. वसंतात आणि शरदात एकेका तालुक्याच्या गावी जायचं, साचलेले खटले उरकायचे आणि पुढचं गाव गाठायचं. मागोमाग वकिलांचा ताफा, त्यात अब्राहम लिंकन. खाणावळीत एकेका पलंगावर दोघंदोघं वकील झोपत. न्यायाधीशांचं वजन मात्र सव्वाशे किलोंच्या वर, त्यामुळे त्यांच्या शेजारी झोपायला कोण धजणार! त्यांच्या बग्गीलाही दोन घोडे लागत. कधी अडचण आली, तर लिंकनच त्यांच्या खुर्चीत बसून काम चालवत.

१८६० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात लिंकनना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली, त्यामागची जुळवाजुळव डेव्हिस यांची. दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्ष लिंकननी त्यांना सर्वोच्च न्यायालयात नेमलं. ही मैत्रीची परतफेड म्हणावी, तर १८६६ चा मिलिगन निकाल आडवा येतो. नागरी न्यायालयं चालू असताना सामान्य नागरिकाला लष्करी न्यायमंडळापुढे उभं करता येणार नाही, असं डेव्हिसनी लिहिलं. तशी मंडळं यादवी युद्धाच्या काळात चालवली होती ती लिंकन यांच्याच सरकारनं. आणि त्याच सुमारास दिवंगत लिंकन यांच्या मिळकतीची व्यवस्थाही डेव्हिसच पाहत होते, एक पैसा मोबदला न घेता.

जमिनीच्या खरेदीतून त्यांनी अमाप पैसा केला आणि वाडा बांधला. पत्नी सारा यांनी तिथे बाग लावली. इतकी वर्षं फिरतीवरच्या नवऱ्याच्या पत्रांवर संसार केलेल्या साराबाईंना या घरात जेमतेम सात वर्षं मिळाली. १८७९ मध्ये त्या गेल्या. डेव्हिस १८८६ मध्ये वारले. १९६० पासून वास्तू राज्य सरकारकडे आहे.

वाडा पाहिलात, तर तासाभरावरच्या माउंट पुलास्कीलाही जा. डेव्हिस यांच्या मंडळातली जी दोनच जुनी कोर्टं जागच्या जागी उरली आहेत, त्यांतलं एक तिथे आहे, दुसरं मेटामोराला. दुमजली, विटांचं, साधंसं. खटले वरच्या मजल्यावर चालत. जिना चढताना मला वकिली डावपेच वगैरे काही आठवलं नाही. न्यायाधीशसाहेब हा जिना कसा चढत असतील, एवढंच मनात येत होतं.