जातिवंत कुत्रा कसा पारखतात?



दत्तजयंतीला आमच्या ब्राह्मणपुरी भागातील मंडळी सारंगखेड्याच्या यात्रेत जातात. तिथे जाणकार घोड्याचे आधी दात पाहतो, मग त्याला चालवून पाहतो. कुत्र्यांच्या प्रदर्शनातला परीक्षकही तसेच करतो.

आपल्या दख्खनचा कारवानी कुत्रा घ्या. त्या जातीचे लेखी वर्णन ठरलेले आहे. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट. परीक्षक प्रत्येक कुत्रा त्या वर्णनाशी ताडून पाहतो. वरचे पुढचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे बसावेत. नराचे दोन्ही वृषण खाली उतरलेले असावेत, कारण प्रदर्शनाचा मूळ हेतू पैदाशीसाठी चांगले जनावर निवडणे हाच आहे. नंतर कुत्रा पळवून पुढून, मागून व बाजूने चाल पाहतात. अंगावर धावून जाणारा कुत्रा बाद होतो.

मात्र राखणीचा गुण रिंगणात मोजला जात नाही. म्हणून नुसत्या बक्षिसावर भुलून पिलासाठी पैसे मोजू नका. त्याचे आईबाप बघा, त्यांची चाल व स्वभाव पारखा. पिलू तीन महिन्यांचे होताच पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घ्या.