साठ की आठ? आवाजाचा फिल्टर लावताना माझं काय चुकलं

व्हिडिओखाली सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच: दुकानातला पंखा, फ्रीज, रस्त्याचा आवाज घालवायला कुठला फिल्टर लावू?

आधी माझी फजिती सांगतो. डायरीचा व्हिडिओ केला, किंमत सांगितली साठ रुपये. मागे एसीची सूं-सूं येत होती म्हणून एडिटिंगमध्ये लो-पास फिल्टर ३,००० हर्ट्झवर लावला. सूं-सूं गेली, मी खूश. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात, "आठ रुपयेवाली डायरी द्या." त्यांचं चुकलं नव्हतं. 'स'चा जोर साधारण ४,००० हर्ट्झच्या वर असतो. तोच मी कापला, 'साठ'चं 'आठ' झालं. दोन डायऱ्या आठ रुपयांनी दिल्या, काय करणार!

म्हणून बोलण्याच्या व्हिडिओला वरचा भाग कापू नका. खालचा कापा. त्यासाठी हाय-पास, माइकवर याच बटणाला लो-कट म्हणतात. ८० हर्ट्झ, उतार १२ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह. म्हणजे ४० हर्ट्झची घरघर साधारण १२ डेसिबलने खाली येते. ट्रकची धडधड, टेबलाला लागलेला धक्का यावर हे छान चालतं. पुरुषाचा आवाज साधारण ८५ हर्ट्झपासून सुरू होतो, त्यामुळे काटा २०० वर नेलात तर तुमचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटेल. बाईंचा आवाज असेल तर १२० पर्यंत चालतं.

पण विजेची गुणगुण वेगळी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण १०० आणि १५० वरही येते. तिथे हाय-पास पुरत नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, वायर बदला. फ्रीज पाच मिनिटं बंद ठेवला तर काही बिघडत नाही. (चालू करायला विसरू नका, मी विसरलोय.)

माइकवर फक्त लो-कट दाबा, बाकी सगळं नंतर, फाइलच्या कॉपीवर. रेकॉर्डिंगमध्येच कापलं गेलेलं परत मिळत नाही.

आता ऐकण्याच्या बाजूचं. डॅकमध्ये 'शार्प रोल-ऑफ', 'स्लो रोल-ऑफ' असे पर्याय दिसतात. व्हिडिओचा आवाज ४८,००० सॅम्पलचा, त्यात जास्तीत जास्त २४,००० हर्ट्झ मावतात. या फिल्टरांचा फरक मुख्यतः २०,००० च्या आसपास पडतो, आणि तुमचं गिऱ्हाईक ऐकतंय मोबाइलच्या स्पीकरवर. आहे ते राहू द्या. त्यासाठी महागडा डॅक तर अजिबात घेऊ नका.

अपलोड करण्याआधी 'साठ, आठ, सात' असं रेकॉर्ड करा, तोच फिल्टर लावा, साध्या फोनवर अर्ध्या आवाजात वाजवा आणि दुकानातल्या पोराला काय ऐकू आलं ते कागदावर लिहायला सांगा.