उतार

पहाटे ३.४०
गोरक्षेप, ५,१६४ मीटर. लॉजच्या जेवणघरातली शेगडी विझलीय. माझी मावसबहीण दोनदा ओकली. डोकं फुटतंय म्हणते. मी तिला फळ्यांमधल्या रेघेवरून चालायला सांगतो, टाचेला अंगठा भिडवून. तिसऱ्या पावलालाच ती भिंतीवर कलते. बाकावर झोपलेले दाइ उठून बसतात. दाइ आमचे भरिया, म्हणजे हमाल. "लेक लाग्यो," ते म्हणतात. नेपाळीत लेक म्हणजे उंच डोंगर. आपल्याकडे ऊन लागतं, तसा इथे डोंगर लागतो.

पहाटे ४.१५
इथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा. तोल गेला म्हणजे मेंदूला सूज आली असं धरायचं आणि उजाडायची वाट बघायची नाही. डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम दिलं, नंतर दर सहा तासांनी ४. गोळीनं थोडी सवड मिळते, बाकी काम पायांचं. दुखण्याला उतार पडला असं आपण म्हणतो. इथे तो चालून पाडावा लागतो. दवाखाना फेरिचेला, सुमारे ८०० मीटर खाली. बाहेर ढग उतरलेत. हेलिकॉप्टरचा भरवसा नाही.

पहाटे ४.४०
रोज दाइंच्या पाठीवर आमचं तीस किलो सामान असतं. आज ते लॉजमध्येच राहिलं. दाइ खुकुरीनं आपल्या डोकोची एक बाजू कापतात, बसणारीचे पाय बाहेर निघावेत म्हणून. डोको म्हणजे बांबूची निमुळती टोपली. ती त्यांची स्वतःची, घरी विणलेली. या उंचीवर बांबू उगवत नाही. थर्मासभर गरम पाण्याचे १,२०० नेपाळी रुपये मी मोजतो. दाइंची दिवसाची मजुरी २,५००, म्हणजे आपले सुमारे १,५६०. जेवणखाण त्यातूनच.

सकाळी ५.३०
खाली निघालो, पण वाट आधी वरच चढते. हिमनदीनं आणून टाकलेल्या दगडांचे ढीग चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. बहीण डोकोत, बावन्न किलो. सगळा भार नाम्लोवर, कपाळावरून जाणाऱ्या पट्ट्यावर. चाळीसेक पावलं झाली की दाइ टोकमा, ती आखूड टी-आकाराची काठी, डोकोखाली टेकवतात आणि उभ्यानंच दम घेतात. तोंडातून बारीक शीळ निघते. "बिस्तारै, बहिनी," म्हणतात. सावकाश.

सकाळी ७.४५
लोबुचे, ४,९४० मीटर. सव्वादोन तासांत सव्वादोनशे मीटरच उतरलो. बहिणीच्या पोटात चार घोट पाणी टिकलं. दाइ साखर घातलेला कोरा चहा घेतात, जेवण नको म्हणतात. दोन्ही हातांनी डोकं दाबून बसतात. मी विचारतो. "नाम्लोमुळे," म्हणतात. पट्टा कपाळावर असतो. ते कानशिलं दाबतायत.

सकाळी ९.३०
थुक्ल्याच्या खिंडीत दगडी स्मारकं उभी आहेत. त्यात बाबू छिरी शेर्पांचं आहे. १९९९ साली ते एव्हरेस्टच्या माथ्यावर प्राणवायूविना २१ तास राहिले. दाइ दगडाला हात लावून नमस्कार करतात. त्यांचं गाव ओखलढुंगा जिल्ह्यात, १,८०० मीटरवर. मुंबईत दोन वर्षं वॉचमन होते, त्यामुळे हिंदी येतं. "शेर्पा वरचे," ते म्हणतात. "आम्ही खालचे. आम्हालाही लागतो."

सकाळी १०.४०
थुक्ला, ४,६२० मीटर. बहीण स्वतःहून खाली उतरते. मातीत रेघ ओढतो. सहा पावलं सरळ पडतात, सातवं चुकतं. गोळीची दुसरी मात्रा देतो. पुढची वाट ती दाइंच्या खांद्याला धरून चालते.

दुपारी १२.३०
फेरिचे, ४,३७१ मीटर. हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा हा दवाखाना १९७३ पासूनचा. बहिणीच्या नाकाला प्राणवायूची नळी लागते. डॉक्टर दारात टेकलेल्या दाइंकडे बघतात, आत बोलावतात आणि त्यांच्याही बोटाला चिमटा लावतात. रक्तातला प्राणवायू ७४ टक्के. त्यांचं डोकं तीन दिवसांपासून दुखतंय. तीन दिवस मी त्यांच्यामागून चालत होतो. सांगितलं का नाही, विचारतो. "सांगितलं तर दिवस जातो," ते म्हणतात. भरिया बसला की मजुरी बसते.

दुपारी ३.००
दवाखान्यात विरळ हवेबद्दलचं रोजचं व्याख्यान सुरू झालंय. वर निघालेले परदेशी वह्या काढून बसलेत. डॉक्टरांनी दाइंना वर जायला मनाई केलीय. आमचं सामान आणायला उद्या दुसरा भरिया जाईल, त्याला दोन दिवसांचे ५,०००. दाइंचे दिवस चालूच राहतील. हे मी त्यांना बोटांवर मोजून सांगतो. ते पुन्हा मोजायला लावतात.

सायंकाळी ५.१०
बहीण लसणाचं सूप पितेय. रेघेवरून दहाही पावलं सरळ गेली. दाइ भिंतीच्या उन्हात डोको मांडीवर घेऊन बसलेत. कापलेली बाजू सुतळीनं आवळतायत. मध्येच थांबतात, कानशील दाबतात, पुन्हा गाठ मारतात.