बाहेरच्या गिलाव्याचा जमाखर्च

सुगी होऊन हातीं चार पैसे आले, कीं घराचा जुना गिलावा काढून सिमेंटचा करावा असें पुष्कळांस वाटतें. मातीच्या भिंतींस हा खर्च कितपत लाभतो, याचा हिशेब शेतकरी बंधूंपुढें मांडतों.

भिंत ३० फूट लांब व १० फूट उंच धरल्यास ३०० चौरस फूट. पैकीं दारें-खिडक्यांचे ४० वजा जातां २६० राहिले. पाऊण इंच जाडीस सुमारें १६ घनफूट माल लागतो. शिवाय खरवडण्याची मजुरी, परांची व गवंडी यांचा खर्च निराळा.

मातीची भिंत ओल घेते व सोडते. चुन्याच्या थरांतून ती ओल बाहेर पडते, सिमेंटच्या थरांतून सहज पडत नाहीं. भेगेंतून शिरलेलें पाणी आंतच कोंडतें. पश्चिमेकडून झड लागते म्हणून मीं ती भिंत सिमेंटनें मढविली. तिसऱ्या पावसाळ्यांत थर फुगला, ठोकतां पोकळ वाजला. आंत चिखल झाला होता. अखेर भिंत जोत्यापर्यंत उतरवावी लागली. एका खर्चाचे दोन झाले.

तरी प्रथम पागोळ्यांचें पाणी जोत्यापासून दूर काढावें. मग पोकळ वाजेल तेवढाच गिलावा काढून, मुरविलेला चुना १ भाग व वाळू ३ भाग या प्रमाणानें नवा करावा आणि कांहीं दिवस ओला राखावा. पक्क्या विटांच्या भिंतीस सिमेंट चालेल. घर विकतांना गिलाव्याचे पैसे निराळे कोणी देत नाहीं. भिंत टिकली, हीच त्याची जमा समजावी.