पवनेचं पाणी आणि उजनीचे रोहित

थंडी सरत आली आणि उजनीचं पाणी उतरू लागलं की पिंपरी-चिंचवडमधल्या कॅमेरेवाल्यांचे रविवार ठरलेले असतात. पहाटे चारला गाडी काढायची, सोलापूर रस्त्याने भिगवण गाठायचं आणि तिथून कुंभारगाव. फजर काठावरच होते. पूर्वेला तांबडं फुटतं तोवर मच्छीमाराची होडी निघालेली असते.

आमच्या घरात कॅमेरा आहे तो धाकट्या दिराचा. माझ्याकडे काम असतं ते शिध्याचं, म्हणजे खाण्याच्या डब्याचं आणि तांदळाच्या पिशवीचंही. होडी सतत डुलते, त्यामुळे तिपाई तिथे कुचकामी. जुन्या जीन्सचा पाय कापून त्यात दोन-तीन किलो तांदूळ भरायचे, दोन्ही टोकं शिवायची आणि होडीच्या काठावर ठेवून वर लेन्स टेकवायची. हात कापत नाही आणि फोटो हलत नाही. उडत्या पक्ष्यासाठी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून वेगवान हवं. पांढरा पक्षी गडद पाण्यावर असेल तर कॅमेरा फसतो, पिसं चुन्यासारखी सपाट येतात. तेव्हा उजेड थोडा कमी करून घ्यावा. आणि नऊ वाजले की कॅमेरा बंद करून डबा उघडावा, कारण ऊन डोक्यावर आलं की पाणी नुसतं चमकतं, पक्ष्याचा रंग उरत नाही.

रोहित म्हणजे फ्लेमिंगो. चोच उलटी पाण्यात बुडवून तो चिखलपाणी आत ओढतो, जाड जिभेने बाहेर ढकलतो आणि चोचीतल्या गाळणीत अडकलेलं शेवाळ, किडे, बारीक कोळंबीसारखे जीव खातो. त्याचा गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो. पिल्लं करडी असतात. म्हणून त्याला उथळ पाणी लागतं. पाऊस जास्त होऊन धरण तुडुंब राहिलं की चिखलाचे पट्टे उघडे पडायला उशीर होतो आणि पक्षीही उशिरा येतात. त्यांची वीण कच्छच्या रणात होते. डॉ. सलीम अली १९४५ मध्ये ती अफाट वस्ती पाहायला तिथे गेले होते.

एक गोष्ट मला खटकते. काही पाहुणे होडीवाल्याला जादा पैसे देऊन थव्याच्या अंगावर होडी घालायला लावतात, कारण पंखाखालचा लाल-काळा रंग पक्षी उडाल्याशिवाय दिसत नाही. थवा उठतो, फोटो मिळतो. पण चरण्याची वेळ तेवढीच असते आणि एका सकाळी दहा होड्या आल्या तर तो दहा वेळा उठतो. दूर थांबून वाट पाहिली तर रोहित आपणहूनही उडतात. वेळ लागतो, एवढंच.

आता आपल्याकडे वळू. सहावीच्या वर्गात नकाशा लावून मी मुलांना पवनेवर बोट ठेवायला सांगते. या मुलांपैकी बऱ्याच जणांचे अब्बा चाकणला पाळीत काम करतात. बोट रावेत, चिंचवड, पिंपरी करत दापोडीला मुळेत उतरतं. पुण्यात मुळेला मुठा मिळते. येरवड्याजवळ काठावर सलीम अलींच्याच नावाचं पक्षी अभयारण्य लागतं, आणि पुढे रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेत जाते. चाकणच्या एका बाजूची भामा आणि दुसऱ्या बाजूची इंद्रायणी, याही भीमेलाच मिळतात, इंद्रायणी तुळापूरला. मग बोट भिगवणपाशी पोहोचतं, जिथून उजनीचा फुगवटा पसरलेला आहे. एवढ्यात कुणीतरी विचारतंच, "टीचर, म्हणजे आपल्या मोरीतलं पाणी फ्लेमिंगोंना?"

हो, तेच. ११७ टीएमसीच्या त्या धरणातलं पाणी सोलापूर शहर पितं. माझी खालाही तिथेच राहते.

आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस वर्तमानपत्रांत सगळ्यांनी पाहिला आहे. साबण, डिटर्जंट आणि कारखान्यांतली रसायनं असलेलं सांडपाणी बंधाऱ्यावरून कोसळलं की हवा मिसळून तो फेस होतो. फोटोत तो बर्फासारखा दिसतो, हीच अडचण. वास फोटोत येत नाही.

पक्षी भरपूर दिसतात म्हणजे पाणी चांगलं, असंही समजू नये. मैल्यामुळे पाण्यात खत वाढतं, शेवाळ माजतं, किडे वाढतात, आणि काही पक्ष्यांची चंगळ होते. लाल काटकुळ्या पायांचा शेकाट्या घाण पाण्यातही मजेत चरतो. नदीच्या एखाद्या पट्ट्यात नुसते शेकाटेच दिसू लागले आणि मासे धरणारा खंड्या व नदी सुरय दिसेनासे झाले, तर ती नोंद घेण्याजोगी आहे. त्यासाठी महागडी लेन्स लागत नाही, मोबाईलही चालतो.

दिराला मी हेच सांगते. भिगवणचे दोनशे फोटो आणतोस, तर थेरगावच्या केजूबाई बंधाऱ्यावरून महिन्यातून एक तरी काढ. जागा तीच, दिशा तीच, खाली तारीख आणि वेळ. पाण्याचा रंग, फेस, काठावरचा कचरा, जो काही पक्षी बसला असेल तो. गुलाबी थव्याइतके लाईक त्याला मिळणार नाहीत. पण वर्षभरात बारा फोटो जमले की नदीबद्दल बोलायला आपल्याकडे काहीतरी असेल, महापालिकेच्या किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात टेबलावर ठेवता येईल असं. जूनपासून त्याने सुरुवात केली आहे. ऑगस्टच्या फोटोत पूर आहे, पाणी गढूळ पण फेस नाही. नोव्हेंबरमध्ये पाणी ओसरलं, तेव्हा बंधाऱ्याखाली फेसाची एक पट्टी आहे आणि तिच्या कडेला एक वंचक मान आखडून बसला आहे.